बाटलीतली बिअर नेमकी किती फसफसावी?

घरी बिअर करणारी माणसं एकत्र आली की बोलणं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आणि यीस्ट (साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू करणारे सूक्ष्मजीव) यांवर येतं. कोणता हॉप उकळीच्या शेवटच्या किती मिनिटांत टाकला, यीस्ट किती अंशांना आंबवलं, यावर रात्र सरते. बाटलीत वायू किती असावा हा विषय मात्र 'किटमधलं साखरेचं पाकीट ओता, झाकण लावा, दोन आठवडे थांबा' एवढ्यात मिटतो. (बंद बाटलीत यीस्ट ती साखर आंबवतं आणि त्यातून वायू तयार होतो.) मला हे कधीच पटलं नाही. तीच बिअर वायू कमी पडला तर जड आणि गोडसर लागते, जास्त झाला तर पातळ आणि बोचरी. पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट आपण ग्रॅमपर्यंत मोजतो. कार्बन डायऑक्साइड हा पाचवा घटक आहे आणि तोही मोजूनच घातला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून एका हिवाळ्यात ठरवून एकच पेल एल, म्हणजे फिकट रंगाची एक बिअर, केली आणि ती तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर फसफसवली. त्यात काय काय केलं आणि काय हाती लागलं, ते लिहिते आहे.

आम्ही मिनिआपोलिसला राहतो. इथल्या जुन्या घरांना तळघर असतं आणि ऐन हिवाळ्यात आमच्या तळघरात पंधरा-सोळा अंशांच्या वर पारा जात नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. अमेरिकेत घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याची मोकळीक १९७८ साली मिळाली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या ऑक्टोबरमध्ये सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून ती लागू झाली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २००, आणि विक्री अजिबात नाही. राज्यांनी आपापले कायदे हळूहळू बदलले. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची दोन, थेट २०१३ मध्ये. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, घरी पिण्यापुरतं केलं तरी. तिथल्या वाचकांनी पुढचं सगळं माहिती म्हणून वाचावं, करून पाहू नये.

बिअरमधला वायू 'व्हॉल्यूम' या मापात मोजतात. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल (तो शून्य अंशांना आणि वातावरणाच्या दाबाला मोजलेला), तर तो एक व्हॉल्यूम. वजनात सांगायचं तर लिटरमागे जवळजवळ दोन ग्रॅम. इंग्लंडच्या पारंपरिक बिटरमध्ये दीड ते दोन व्हॉल्यूम असतात, अमेरिकन पेल एलमध्ये साधारण सव्वादोन ते पावणेतीन, आणि बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरमध्ये साडेतीन-चारपर्यंत. हे आकडे कुणी टेबलावर बसून ठरवलेले नाहीत. त्या त्या गावातली पिंपं, तळघरं, बाटल्या आणि पिण्याची रीत यांतून ते आले आहेत. सोडावॉटरचा जन्मसुद्धा बिअरच्या पिंपापाशीच झाला. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात जोसेफ प्रीस्टली एका ब्रुअरीच्या शेजारी राहायचे. आंबणाऱ्या पिंपांवर साचलेल्या वायूत पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतता ओतता त्यांच्या हाती फसफसणारं पाणी लागलं, ते १७६७ च्या सुमारास.

आणखी एक गोष्ट मला फार रंजक वाटते. घोट घेतल्यावर जिभेला जो चटका जाणवतो तो बुडबुडे फुटल्यामुळे नसतो. जिभेवरचं एक एन्झाइम विरघळलेल्या वायूचं कार्बॉनिक आम्ल करतं आणि आपल्याला जाणवते ती आंबट-तिखट टोच त्या आम्लाची असते. म्हणून वायू वाढवला की फक्त फेस वाढत नाही, चवच बदलते.

आता पेल एलकडे. १९ लिटरचा घाणा. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर आंबत जाते तशी ती उतरते) १.०५२, हॉप्स कॅस्केड, यीस्ट अमेरिकन एलचं साधं कोरडं, आंबवण्याचं तापमान १९-२० अंश. कृतीत मुद्दाम काहीही नवं नव्हतं, कारण फरक पडायचाच तर तो फक्त वायूमुळे पडावा अशी माझी इच्छा होती.

बाटली भरण्याआधीचा सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे आंबणं खरोखर संपलं आहे का. एअरलॉकमधले, म्हणजे भांड्यातला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतले, बुडबुडे थांबले यावरून काहीच कळत नाही. झाकण जरा सैल असलं तरी ते थांबतात, आणि खोली तापली तर आंबणं संपल्यावरही येत राहतात. खरं उत्तर ग्रॅव्हिटी मोजणारा तरंगता हायड्रोमीटर देतो. ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट, म्हणजे ०.००१, बाटलीत आंबला तर जवळजवळ अर्धा व्हॉल्यूम वायू तयार होतो. बिअर १.०१४ वर भरली आणि ती पुढे १.०११ पर्यंत उतरली, तर साखर न घालताच दीड व्हॉल्यूम जास्तीचा झाला. त्यावर तुम्ही अडीच व्हॉल्यूमच्या हिशेबाची साखर घातलेली असेल, तर बाटलीत चार झाले. साधी बाटली तेवढं सोसेलच असं नाही. साखरेचा हिशेब कितीही काटेकोर असू द्या, हा पाया कच्चा असेल तर त्याला काही अर्थ उरत नाही.

म्हणून मी दोन गोष्टी करते. दोन-तीन दिवसांच्या अंतराने ग्रॅव्हिटी मोजते आणि आकडा जागचा हलला नाही तरच पुढे जाते. नमुना मोजण्याआधी एका ग्लासातून दुसऱ्यात उंचावरून पुन्हा पुन्हा ओतते. वायूचे बारीक बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटले तर तो वर उचलला जातो आणि आकडा खोटा येतो. दुसरी गोष्ट बरेच जण करत नाहीत, पण तिच्यावर माझा फार भरवसा आहे. यीस्ट टाकल्यावर त्याच वर्टचा, म्हणजे माल्टच्या न आंबलेल्या गोड द्रावाचा, थोडासा भाग वेगळ्या बरणीत घ्यायचा, त्यात यीस्ट भरपूर घालायचं, बरणी उबदार जागी ठेवायची आणि येता-जाता हलवत राहायची. ती बरणी दोन-तीन दिवसांत संपूर्ण आंबून जाते आणि या वर्टची तळाची ग्रॅव्हिटी किती, हे आधीच कळतं. आमच्या बरणीने १.०११ दाखवलं. मोठ्या भांड्यातली बिअर तिथे पोचली, तिथेच थांबली, आणि मगच मी बाटल्या धुवायला काढल्या.

इथे सेझाँ ही बेल्जियन धाटणीची बिअर करणाऱ्यांसाठी एक इशारा. सेझाँच्या काही यीस्टमध्ये एसटीए१ नावाचं जनुक असतं. ही यीस्ट एक एन्झाइम सोडतात आणि इतर यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिन नावाच्या पिष्टमय घटकांची हळूहळू साखर करत बसतात. ग्रॅव्हिटी थांबल्यासारखी दिसते आणि आठवड्यांनंतर पुन्हा उतरू लागते. अशा यीस्टची बिअर १.००४ किंवा त्याहून खाली गेल्याशिवाय मी भरत नाही. नळ्या आणि बादल्याही वेगळ्या ठेवते, कारण तेच यीस्ट पुढच्या पेल एलमध्ये शिरलं तर तिच्याही बाटल्या महिन्या-दोन महिन्यांनी कारंज्यासारख्या उडतात.

आंबणं संपलं म्हणजे बिअर वायूरहित झाली असं नाही. तिच्यात काही वायू आधीच विरघळलेला असतो आणि तो किती, हे तापमानावर ठरतं. २० अंशांना साधारण ०.८५ व्हॉल्यूम, १० अंशांना सुमारे १.२, शून्याला १.७. साखरेचा हिशेब करताना हा आकडा वजा करायचा असतो. प्रश्न असा की कोणतं तापमान धरायचं. भरण्याआधी बिअर दोन दिवस चार अंशांना ठेवून गाळ बसवला तर हिशेबात चार अंश लिहायचे का? नाही. आंबणं संपत आलं तेव्हा बिअर वीस अंशांना होती, वरचा वायू तेव्हाच निघून गेला. नंतर ती गार केली म्हणून गेलेला वायू परत येत नाही, कारण तो तयार करायला यीस्टला साखरच उरलेली नसते. आंबणं संपल्यावर बिअरने जे सगळ्यात जास्त तापमान पाहिलं, तेच धरायचं. चार अंश धरले तर गणित म्हणतं की दीडच्या आसपास वायू आधीच आहे, मग साखर कमी पडते आणि अडीचच्या जागी दोनच्याही खालची बिअर मिळते. 'सगळं नियमाने केलं तरी बिअर मवाळच राहिली' असं ज्यांच्याकडून ऐकते, त्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारते.

मग साखर. किटमध्ये मक्याची साखर, म्हणजे डेक्स्ट्रोज, येते. घरातली साधी पांढरी साखर तेवढीच चांगली आहे; एवढ्या थोड्या प्रमाणात चवीत फरक कळत नाही. फरक आहे तो वजनात. साधी साखर लिटरमागे साधारण ३.८ ग्रॅम घातली की एक व्हॉल्यूम वाढतो. डेक्स्ट्रोजमध्ये थोडं पाणी बांधलेलं असतं, म्हणून ती लिटरमागे ४.४ ग्रॅम लागते. १९ लिटर बिअर २० अंशांवरून अडीच व्हॉल्यूमवर न्यायची तर साधी साखर १२० ग्रॅम, किंवा डेक्स्ट्रोज १३८ ग्रॅम. किटच्या पाकिटात पाच औंस, म्हणजे १४२ ग्रॅम डेक्स्ट्रोज असते, ती याच हिशेबाने. पण तो हिशेब पूर्ण १९ लिटरचा आहे. गाळ आणि हॉप्सचा चोथा सोडून बादलीत १७ लिटरच आले आणि पाकीट मात्र अख्खं ओतलं, तर बिअर ठरवल्यापेक्षा जास्त फसफसणार हे उघड आहे. म्हणून किती लिटर भरायचे हे आधी बघायचं आणि साखर मागाहून तोलायची.

आमच्या गल्लीत एक निवृत्त गृहस्थ राहतात, ऐंशीच्या दशकापासून बिअर करणारे. ते अजूनही 'पाऊण कप' हेच माप धरतात, आणि त्यांची बिअर चांगली असते, कारण कप तोच, साखर त्याच दुकानातली आणि हात तोच. दुसऱ्याला तो पाऊण कप उपयोगी पडत नाही. साखर दाबून भरली की सैल, यावर त्यात कितीतरी ग्रॅमचा फरक पडतो. त्यांनी मला वजनाबद्दल काही सांगितलं नाही, पण त्यांचा जड टेबल-कॅपर (बाटलीवर झाकण दाबून बसवण्याचं यंत्र) दिला आणि एक युक्ती दिली. प्रत्येक घाण्यातली एक बाटली सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरायची. काचेच्या आत काय चाललं आहे ते हाताला कळत नाही. प्लास्टिक दाबून बघता येतं.

तीन पातळ्या करायच्या म्हणून मी सगळ्या बादलीत साखर मिसळली नाही, प्रत्येक बाटलीत पिचकारीने पाक घातला. १०० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून विरघळवली आणि गार झाल्यावर उकळलेलं पाणी घालून बरोबर २०० मिलिलिटर केली. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये अर्धा ग्रॅम. ३५५ मिलिलिटरच्या बाटलीला दोन व्हॉल्यूमसाठी ३.१ मिलिलिटर पाक, अडीचसाठी ४.५, तीनसाठी ५.८. औषधाच्या दुकानात मिळणारी दहा मिलिलिटरची पिचकारी यासाठी पुरते. आधी पाक, त्यावर बिअर. नळीचं टोक बाटलीच्या तळाला टेकवायचं, म्हणजे बिअर खळखळत नाही आणि हवा मिसळत नाही. वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडायची आणि लगेच झाकण. झाकणांवर तीन रंगांचे ठिपके केले. बाटल्या जाड आणि नेहमीच्या उघडणीने उघडायच्या घेतल्या. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीवर घरचं झाकण नीट बसत नाही. ज्या झाकणावर हा सगळा धंदा उभा आहे ते बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांचं, १८९२ च्या पेटंटचं, आणि त्यात मुळातून सांगावा असा बदल अजून झालेला नाही.

अर्धा खोका घर तापवणाऱ्या फर्नेसच्या खोलीत ठेवला, तिथे बावीस-तेवीस अंश असतात. उरलेला अर्धा तळघराच्या थंड कोपऱ्यात. फरक आठवड्यातच दिसायला लागला. फर्नेसजवळची प्लास्टिकची बाटली टणक झाली, कोपऱ्यातली अजून अंगठ्याने दबत होती. साखर दोन्हीकडे तितकीच, यीस्टही तेच. थंडीत ते फक्त सावकाश काम करतं. कोपऱ्यातल्या बाटल्यांना फर्नेसजवळच्यांच्या दुपटीहून जास्त वेळ लागला, पण शेवटी त्याही तिथेच पोचल्या. म्हणून दोन आठवड्यांनी बिअर मवाळ निघाली तर साखर कमी पडली असं लगेच म्हणू नये. बाटल्या उबदार जागी हलवाव्यात, तळाचं यीस्ट एकदा हलक्या हाताने उठवावं आणि आणखी दहा-बारा दिवस द्यावेत. झाकणं उघडून पुन्हा साखर घालण्याचा सल्ला बरेच जण देतात. मी तो कुणालाही देत नाही. आत किती साखर शिल्लक आहे हे ठाऊक नसताना त्यात भर घालणं धोक्याचं आहे.

वायू तयार होणं आणि तो बिअरमध्ये मुरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लवकर उघडलेल्या बाटलीतून झाकण काढताच मोठा आवाज झाला, भराभर मोठे बुडबुडे वर आले आणि मिनिटाभरात सगळं शांत. वायू होता, पण बराचसा वरच्या मोकळ्या जागेत. गार द्रवात वायू जास्त विरघळतो, म्हणून पिण्याआधी बाटली निदान दोन दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवावी. त्याच घाण्यातली एक बाटली सकाळी फ्रिजमध्ये टाकून संध्याकाळी उघडली आणि दुसरी दोन दिवस ठेवून उघडली. दुसरीचा फेस घट्ट, बुडबुडे बारीक आणि ग्लास संपेपर्यंत खालून वर येणारे. कुठे काही बदललं नव्हतं, फक्त वायूला विरघळायला वेळ मिळाला होता.

चवीच्या दिवशी नवरा म्हणाला, "तू बाहेर थांब, मी ओततो. ठिपके तुला दिसायला नकोत." महाराष्ट्र मंडळातली काही मंडळी जेवायला होती, त्यांच्यापुढेही तेच तीन ग्लास. काहीच सांगितलं नव्हतं. त्यांतल्या वडीलधाऱ्या काकांनी तिसऱ्या ग्लासानंतर विचारलं, "वहिनी, या तीन निरनिराळ्या बिअर आहेत ना? ही शेवटची जरा हलकी केलीय का?" त्यांची शेवटची म्हणजे तीन व्हॉल्यूमची. अल्कोहोल तेवढंच, माल्ट तेवढंच. जास्तीच्या साखरेने पडतो तो फरक फार तर पाव टक्क्याएवढाच, जिभेला तो लागत नाही. तरी त्यांना ती हलकी लागली.

माझी निरीक्षणं अशी. दोन व्हॉल्यूमच्या ग्लासात माल्ट पुढे आला, भाजलेल्या पावासारखा, आणि कडवटपणा गोल झाला. पण कॅस्केडचा मोसंबीच्या सालीसारखा वास शोधावा लागत होता. तीनच्या ग्लासात वास नाकावर धावून आला, कारण वर येणारा वायू सुगंध सोबत घेऊन येतो. मात्र कडवटपणाला धार आली, घोट पातळ झाला आणि दुसऱ्या ग्लासाची इच्छा कुणालाच झाली नाही. अडीच सगळ्यांना आवडली. मला स्वतःला मात्र दोन आणि अडीचच्या मधली जागा हवी होती. त्यानंतरची पेल एल मी २.३ वर भरते: १९ लिटरला साधी साखर १०५ ग्रॅम. अडीचच्या हिशेबापेक्षा पंधराच ग्रॅम कमी, आणि ती पंधरा ग्रॅम घोटात कळतात.

या प्रयोगानंतर गव्हाची बिअर करायचं धाडस आलं. वाइसबिअर कमी वायूची असेल तर केळ्या-लवंगेचा तो वास जड होऊन बसतो. तिला साडेतीनच्या आसपास नेलं तरच ती मोकळी होते. बव्हेरियात यासाठी साखर न वापरता राखून ठेवलेला वर्ट घालायची रीत आहे, त्याला ते श्पाइज म्हणतात. मी साखरच वापरली, १९ लिटरला १९० ग्रॅम. इथे विषय चवीचा राहत नाही, काचेचा होतो. अडीच व्हॉल्यूमच्या बाटलीत वीस अंशांना साधारण २८ पीएसआय (चौरस इंचावर पौंड) दाब असतो, गाडीच्या टायरपेक्षा जरासा कमी. साडेतीनला तो ४४ च्या आसपास जातो. आणि उन्हाळ्यात तीच बाटली तीस अंशांच्या गॅरेजमध्ये राहिली तर साठच्या वर. ३५५ मिलिलिटरच्या साध्या बाटलीत मी तीनच्या पलीकडे कधीच जात नाही. गव्हाच्या बिअरला जर्मन बनावटीच्या अर्ध्या लिटरच्या जाड बाटल्या घेतल्या, एकही ओरखडा किंवा टवका असलेली बाजूला काढली. पहिले काही आठवडे सगळ्या झाकणाच्या प्लास्टिक पेटीत ठेवल्या, म्हणजे एखादी फुटलीच तर काचा पेटीतच राहाव्यात. बाटली उचलताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हे मी कुणालाही सांगायला कचरत नाही. बाटलीच्या काचेने झालेल्या जखमा या छंदात खऱ्या आहेत.

आपल्याकडच्या गोटी सोड्याची बाटली आठवून बघा. तिची काच केवढी जाड असते! हायरम कॉड या इंग्रजाची ती रचना, १८७२ च्या पेटंटची. आतल्या वायूचाच दाब गोटीला तोंडाच्या रबरावर दाबून धरतो. दाब किती असणार आणि काच किती लागणार, याचा विचार ती बाटली घडवतानाच केलेला होता. घरी बिअर भरताना तो विचार आपल्याला करावा लागतो.

मध्यंतरी शिकागोहून एका धाकट्या मित्राचा फोन आला. "ताई, अर्ध्या बाटल्या उडतायत आणि अर्ध्या नुसत्या पाण्यासारख्या. जंतू शिरले का गं?" मी विचारलं, "चव कशी आहे? आंबट, औषधासारखी?" "नाही, चव मस्त आहे." मग जंतूंची शक्यता कमी. जंतुसंसर्ग असेल तर चव बदलते, आणि दिवस जातील तसा सगळ्याच बाटल्यांतला वायू वाढत जातो. त्याने पाक आधी बादलीत घातला नव्हता. बिअर भरून झाल्यावर वरून ओतला होता. पाक जड, तो तळाशी बसला. तोटी तळाला असल्यामुळे सुरुवातीच्या बाटल्यांना साखर जास्त गेली, शेवटच्यांना जवळपास नाहीच. उपाय सोपा आहे. आधी बादलीत गार केलेला पाक, मग सायफनची नळी तळाशी गोल वळवून बिअर सोडायची म्हणजे ती आपोआप फिरत मिसळते, आणि शेवटी निर्जंतुक चमच्याने तळापासून दोन-चार संथ वळसे. जोरात ढवळायचं नाही, हवा मिसळली की बिअर लवकर शिळी होते. उडणाऱ्या बाटल्या मी त्याला आधी खूप गार करायला आणि मग हातमोजे घालून, टॉवेलमध्ये धरून, झाकणाची कड किंचित उचलून वायू हळूहळू सोडायला सांगितलं.

सध्या आमच्याकडे साडेआठ टक्क्यांची गडद बेल्जियन एल बाटल्यांत आहे. एवढ्या अल्कोहोलमध्ये महिनाभर पडून राहिलेलं यीस्ट थकलेलं असतं, त्याच्या भरवशावर बाटल्या सोडल्या तर कित्येक महिने काहीच होत नाही. म्हणून भरताना बाटलीसाठीचं खास कोरडं यीस्ट, सीबीसी-१, घातलं. १९ लिटरला दोन ग्रॅम पुरतं. त्याला माल्टमधली माल्टोट्रायोज साखर पचत नाही, त्यामुळे उरलेली ग्रॅव्हिटी ते खाली ओढत नाही आणि फक्त आपण घातलेली साखर संपवतं. उद्दिष्ट २.८ ठेवलं आहे, बाटल्या जाड आहेत. फर्नेसच्या खोलीतली प्लास्टिकची बाटली काल दाबून पाहिली. ती अजून किंचित दबते, तेव्हा आणखी दोन आठवडे तरी कुणाला झाकण उघडू देणार नाही.